दिवे वाढवण्याआधी वायरिंग बघा

प्रश्न: माझा 2016 चा दहा टायरी ट्रक आहे, 24 व्होल्टचा. मलकापूरहून आंबा घाट उतरून रत्नागिरीला जातो. जाताना साखर नाहीतर भाजीपाला, येताना चिरा. पावसाळ्यात रात्री घाटात धुक्यामुळे बंपरपुढचं दिसत नाही. गेल्या वर्षी हेडलाइटला शंभर-नव्वदचे बल्ब टाकले. तेव्हापासून स्टिअरिंगजवळचा लाइटच्या स्विचचा दांडा हाताला गरम लागतो. फ्यूज दोनदा गेला म्हणून क्लीनरने त्यात तार गुंडाळून दिली. आता मी एक मोठा एलईडी बार आणि दोन गोल दिवे आणलेत, दोन्ही 12 व्होल्टचे. आमचा वायरमन म्हणतो, एका बॅटरीवरून 12 व्होल्ट काढतो आणि बार केबिनच्या टपावर बसवतो, अर्ध्या तासाचं काम. दुसरा म्हणतो, हेडलाइटच्या वायरीलाच जोड मारू, वेगळा स्विचपण नको. कोणाचं ऐकू? आणि आणलेल्या बारचं काय करू?
– एक चालक-मालक, मलकापूर (ता. शाहूवाडी)

उत्तर: भाऊ, दोघांचंही ऐकू नका. आणि बाकीचं उत्तर वाचायच्या आधी गाडीपाशी जाऊन फ्यूजमधली ती तार काढून टाका. फ्यूज दोनदा गेला तो खराब होता म्हणून नव्हे, नेमून दिलेलं काम करत होता म्हणून. तार गुंडाळल्यापासून तुमच्या गाडीत सगळ्यात आधी वितळणारी वस्तू फ्यूज राहिलेली नाही. आता ती पाळी दांड्यातल्या कॉन्टॅक्टची आहे, नाहीतर डॅशबोर्डमागे दिसतही नाही अशा वायरींच्या जुडग्याची. मागे साखरेची पोती आणि पुढे पेटलेला डॅशबोर्ड घेऊन घाटात उभं राहायची वेळ कुणावर येऊ नये.

दांडा गरम का होतो, हे साध्या हिशेबात कळतं. वॉटला व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात. 24 व्होल्टच्या गाडीला कंपनीचा बल्ब 75/70 वॉटचा असतो, म्हणजे अप्परला (लांबच्या झोताला) 75 आणि डिपरला (खालच्या झोताला) 70. डिपरवर दोन्ही मिळून 140 वॉट, म्हणजे जेमतेम 6 अँपिअर. तुम्ही टाकलेले बल्ब डिपरला 90 वॉटचे आहेत, दोन मिळून 180 वॉट, म्हणजे साडेसात अँपिअर. दीडच अँपिअरचा तर फरक, असं वाटेल. पण कॉन्टॅक्टवरची उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे उष्णता दीडपटीहून जास्त झाली. त्यात बल्बच्या होल्डरवर आणि मागच्या रिफ्लेक्टरवर जादा ताप येतो तो वेगळाच. रिफ्लेक्टरची चमक एकदा करपली की बल्ब कितीही मोठा टाका, उजेड मागेच राहतो.

म्हणून पहिला खर्च नव्या दिव्यांवर नको. आधी मूळचे 75/70 चे चांगले बल्ब परत टाका आणि मीटर लावून बघा. इंजिन चालू, डिपर चालू. बॅटरीच्या दोन टोकांवर किती व्होल्ट येतात ते लिहून घ्या, मग हेडलाइटच्या होल्डरवर किती येतात ते बघा. चालू इंजिनवर बॅटरीवर साडेसत्तावीस-अठ्ठावीस असायला हवेत. होल्डरवर तेच 25 भरले, तर अडीच व्होल्ट वाटेतच गळाले. हॅलोजन बल्बचं गणित निष्ठुर असतं. व्होल्टेज साधारण नऊ टक्के पडलं की उजेड पाव हिश्शाहून जास्त पडतो. जुन्या ट्रकच्या मालकाला ‘लाइट कमी पडतो’ असं वाटतं, तेव्हा पुष्कळदा तो याच पाव हिश्शाबद्दल बोलत असतो. गळती सापडते ती ठरलेल्या जागी: काळा पडलेला होल्डर, हिरवा थर चढलेलं अर्थिंग (करंट चॅसीतून परत जायची जोडणी), आणि बॅटरीपासून दांड्यापर्यंत जाऊन परत बंपरपर्यंत येणारी लांब, बारीक वायर. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत वर्षानुवर्षं उभी राहणारी गाडी असेल तर अर्थिंग आधी तपासा. काच पिवळी पडली असेल तर घासून घ्या किंवा बदला. एवढं करूनही गळती राहिली तर हेडलाइटलाच रिले टाका, म्हणजे छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणारा स्विच. तो कसा टाकायचा ते पुढे सांगतो. पद्धत तीच आहे.

हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये एलईडीचा बल्ब खुपसण्याचा सल्लाही तुम्हाला कुणीतरी दिला असेलच. नको. त्या रिफ्लेक्टरची घडण हॅलोजनच्या तारेच्या नेमक्या जागेवर बेतलेली असते. उजेडाचा उगम थोडा जरी सरकला तरी प्रकाश हवा तिथे न पडता समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

आता धुक्याकडे येऊ, कारण तुमचं खरं दुखणं ते आहे, आणि टपावरचा बार त्यावर औषध नाही. उलट तो ते वाढवेल. धुकं म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे बारीक थेंब. दिवा जितका तुमच्या डोळ्यांच्या रेषेजवळ, तितका त्या थेंबांवरून उसळलेला उजेड थेट तुमच्याकडे परत येतो. टपावर बार लावून आंबा घाटात शिरलात की समोर पांढरी भिंत उभी राहील, आणि बार जितका जोरदार तितकी ती भिंत जाड. अप्पर मारल्यावर धुक्यात आणखी कमी दिसतं, हा तुमचाही अनुभव असेल. कारण तेच आहे. धुक्याचा दिवा खाली लागतो. डिपरच्याही खाली, बंपरमध्ये. त्याचा उजेड वरून सपाट कापलेला आणि दोन्ही बाजूंना पसरट हवा, म्हणजे तो धुक्याच्या खालून सरकतो आणि रस्त्याची कड, पांढरा पट्टा, कठडा दाखवतो. लांबचं तो दाखवत नाही, आणि धुक्यात लांबचं कुठलाच दिवा दाखवत नाही.

पिवळा की पांढरा, हा वाद चहाच्या टपरीवर संपणार नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा पुष्कळ मोठे असतात, त्यामुळे ते सगळ्या रंगांना जवळजवळ सारखंच पसरवतात. ‘पिवळ्याने धुकं फाटतं’ यात तथ्य थोडं आहे. काही डोळ्यांना पिवळा सुसह्य वाटतो, एवढं खरं. तुमच्या डोळ्यांना बरा वाटत असेल तर घ्या, पण तोही खाली आणि सपाट उजेडाचाच.

लांब पल्ल्याचा ड्रायव्हिंग लाइट ही वेगळी वस्तू आहे. तो अप्परचा जोडीदार, मोकळ्या सरळ रस्त्यासाठी. तुमच्या वाटेवर घाट सोडून मोकळ्या पट्ट्यात तो थोडाफार उपयोगी पडेल, पण तिथे समोरून वाहनं येत राहतात, म्हणजे तो बहुतेक वेळ बंदच. घाटात तर वळणावर तो दरीतली झाडं उजळतो. त्यामुळे माझं मत विचाराल तर बंपरमध्ये फॉग लॅम्पची एक चांगली जोडी लावा आणि तिथेच थांबा. आणलेले गोल दिवे पसरट उजेडाचे आहेत की टॉर्चसारखा झोत टाकणारे, हे अंधारात भिंतीवर पाडून बघा. झोताचे असतील तर परत करा.

पसरट निघाले तरी ते 12 व्होल्टचे आहेत, आणि एका बॅटरीवरून 12 काढायचा बेत सोडून द्या. तुमच्या गाडीत 12-12 च्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून 24 होतात. अल्टरनेटर त्या दोघींना मिळून एकच करंट देतो. खालच्या, म्हणजे चॅसीला जोडलेल्या बॅटरीवर दिव्यांचा जादा भार टाकलात तर ती कायम अर्धपोटी राहते आणि वरची गरजेपेक्षा जास्त चार्ज होऊन पाणी उकळून टाकते. काही महिन्यांत दोन्ही जातात, आणि जोडी एकत्रच बदलावी लागते. दिवा लावून दिल्यावर वायरमन मोकळा होतो, बॅटऱ्यांचं बिल तुमच्या नावावर येतं.

यावर सरळ उपाय म्हणजे दिव्यावर 24 किंवा ‘10 ते 30 व्होल्ट’ असं लिहिलेलं घेणं. एलईडीचे बरेच दिवे तसे मिळतात. तुमच्या दिव्यांच्या पाठीवरचं लेबल नीट वाचा. दुकानदाराने 12 म्हटलं तरी लेबलावर 10-30 असू शकतं, मग प्रश्नच मिटला. निव्वळ 12 चेच असतील तर बदलून घ्या. 24 चे 12 करणारा कन्व्हर्टर मिळतो, पण दोन दिव्यांसाठी बिघडायला आणखी एक डबा कशाला बसवायचा? 12 चे दोन हॅलोजन एकामागे एक जोडून 24 वर चालवायची जुनी युक्तीही ऐकली असेल. त्यात एक बल्ब गेला की दोन्ही दिवे बंद, आणि एलईडीला ती चालतही नाही.

हेडलाइटच्या वायरीला जोड मारण्याबद्दल वेगळं सांगायला नको. आधीच गरम होणाऱ्या दांड्यावर तुम्ही आणखी भार टाकणार, एवढाच त्याचा अर्थ. नव्या दिव्यांचा करंट दांड्यातून जाताच कामा नये. तो बॅटरीवरून स्वतःच्या वायरीने यावा, आणि स्विचने फक्त रिलेला इशारा द्यावा. रिलेच्या कॉइलला एक-दोन दशांश अँपिअर पुरतात, म्हणून साधा लहान स्विचही कधी गरम होत नाही.

रिलेच्या पायांवर आकडे कोरलेले असतात. बॅटरीच्या धन टोकावरून निघालेली वायर आधी फ्यूजमध्ये आणि मग 30 नंबरला. 87 वरून दिव्यांकडे. 85 अर्थला. 86 ला इशाऱ्याची वायर, डॅशबोर्डवरच्या तुमच्या नव्या स्विचमधून. त्या स्विचला करंट कुठून द्यायचा, इथे खरी मेख आहे. फॉग लॅम्प असेल तर पार्किंग लाइटच्या वायरीवरून घ्या, म्हणजे गाडीचे दिवे बंद केले की तो आपोआप बंद होतो आणि रात्रभर बॅटरी खात नाही. कधी ड्रायव्हिंग लाइट लावलाच तर मात्र इशारा अप्परच्या वायरीवरूनच घ्यायचा. डिपर मारला की तो त्याच क्षणी विझला पाहिजे. वेगळ्या स्विचवर चालणारा जोरदार दिवा ड्रायव्हर समोरच्यासाठी बंद करेल, यावर विसंबू नका. दमलेला माणूस विसरतो. काही गाड्यांत हेडलाइटचा स्विच धन वायरीऐवजी अर्थची बाजू तोडतो, तेव्हा वायर निवडण्याआधी मीटरने खात्री करून घ्या.

रिले 24 व्होल्टचाच मागून घ्या. काउंटरवर 12 चा रिले सहज हातात ठेवतात. दिसायला तो हुबेहूब असतो, आणि 24 वर त्याची कॉइल जळते. बसवताना पाय खाली करून बसवा, म्हणजे पाणी आत साचत नाही. बॅटरीच्या पेटीत मात्र नको. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि रिलेच्या आत दर वेळी बारीक ठिणगी पडते.

फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा. केबिनमध्ये लावला तर बॅटरी ते केबिन एवढी वायर फ्यूजच्या संरक्षणाबाहेर राहिली. ट्रकच्या बॅटऱ्या स्टार्टरला शेकडो अँपिअर देतात. ती वायर कुठे चॅसीला घासून टेकली तर तेवढाच करंट तिच्यातून जाईल आणि ती काही सेकंदांत लाल होईल. फ्यूज दिव्याला नव्हे, वायरीला वाचवतो, हे ध्यानात ठेवलं की त्याची जागा चुकत नाही. आकार असा काढा: 70 वॉटचे दोन हॅलोजन असतील तर 140 भागिले 24, जवळपास 6 अँपिअर, फ्यूज 10 चा, लाल रंगाचा. 40 वॉटचे दोन एलईडी असतील तर साडेतीनच्या आत, फ्यूज साडेसातचा पुरे, तो तपकिरी. एलईडीच्या डब्यावर छापलेल्या वॉटवर विश्वास ठेवू नका. तिथे पुष्कळदा स्वप्नं छापलेली असतात. मीटर लावून खरा करंट मोजा.

वायर अडीच चौरस मिलिमीटरची, बारीक तारांची, गाडीसाठी बनवलेली घ्या. घरातल्या फिटिंगची उरलेली वायर डिझेल, तेल आणि इंजिनची धग सोसत नाही. पाच मीटर जाऊन पाच मीटर परत, एवढ्या अडीचच्या वायरीत 6 अँपिअरवर अर्ध्या व्होल्टच्याही आत गळती होते. याहून बारीक घेऊन वाचणारे पैसे उजेडातून वसूल होतात.

वायर ओढण्याचं काम वायरमनच्या अर्ध्या तासात बसत नाही, आणि ट्रकला आग लागते ती बहुतेक इथल्याच हयगयीने. केबिन पुढे झुकते हे विसरू नका. बिजागरीपाशी वायरीला सैल फास ठेवा आणि काम झाल्यावर केबिन पूर्ण झुकवून वायर कुठे ताणते, कुठे चिमटते ते स्वतः बघा. एअर ब्रेकच्या नायलॉन पाइपांना किंवा डिझेलच्या लाइनला वायर बांधायची नाही. शेजारी आहेत म्हणून एकाच पट्टीत सगळं आवळायची सवय असते. वायर वितळली की पाइप फुटणार, आणि घाटात हवा गेली तर काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. टर्बो आणि सायलेन्सरपासून लांब, पन्हळी पाइपमधून, पत्र्याच्या भोकातून जाताना रबरी ग्रोमेट घालून. जोड पिळून वर काळी टेप गुंडाळायची नाही, उन्हाळ्यात तिचा गोंद वाहून जातो. लग (वायरीच्या टोकाला बसणारा धातूचा जोड) पक्कडीने नीट दाबून त्यावर तापवून आवळणारी स्लीव्ह चढवा. डाग मारलेला (सोल्डर केलेला) सांधा ट्रकच्या हादऱ्यांनी डागाच्या कडेला तुटतो, म्हणून इथे दाबलेला लगच बरा. काम सुरू करताना चॅसीला जाणारी ऋण वायर आधी सोडा आणि शेवटी जोडा. धन टोकावर लावलेला पाना चॅसीला टेकला तर वेल्डिंग होतं.

अर्थिंग केबिनच्या पत्र्यावर घेऊ नका. केबिन रबरी बुशांवर बसलेली असते, बंपर कधी फायबरचा असतो. दोन्ही दिव्यांची अर्थ वायर चॅसीवर आणा, रंग खरवडून उघड्या लोखंडावर दातेरी वॉशरने आवळा आणि वरून ग्रीस फासा. जोडणी झाली की अर्धा तास दिवे चालू ठेवून रिले आणि फ्यूजच्या होल्डरला हात लावा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर तिथला लग सैल आहे.

झोत बसवताना गाडी भरलेली असू द्या. माल भरला की मागचा भाग बसतो, नाक वर येतं, आणि रिकाम्या गाडीवर नीट बसवलेला दिवा समोरच्याच्या तोंडावर जातो. सपाट जागी भिंतीपासून पाच मीटरवर उभे राहा. फॉग लॅम्पच्या उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा दहा सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. त्याच वेळी डिपरही तपासून घ्या, भरलेल्या गाड्यांचा तो बहुधा वरच असतो.

कायद्याचं थोडक्यात. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला 106 वा नियम समोरच्याचे डोळे दिपवणारे दिवे वापरू देत नाही, आणि 111 वा नियम पुढच्या बाजूला स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट बसवायला मनाई करतो. अपवादात्मक परिस्थितीतच, तेही आरटीओची आधी परवानगी घेऊन. बंपरपुढच्या लोखंडी गार्डवर दिवे टांगायचा विचार असेल तर त्या गार्डवरच राज्यांनी कारवाई करावी असं केंद्राने डिसेंबर 2017 मध्ये कळवलेलं आहे. फिटनेसला गाडी नेताना टपावरचा बार उतरवून ठेवणारे आणि परतताना चढवणारे पुष्कळ आहेत. पण अपघात झाला की विम्याचा सर्व्हेअर आधी गाडीला वरून काय जोडलंय तेच बघतो.

तुमची गाडी 2016 ची आहे म्हणून एवढं सगळं गल्लीतल्या चांगल्या वायरमनकडून होईल. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाडीवाल्यांनी मात्र पार्किंग लाइटच्या वायरीत सुई खुपसून इशारा घेऊ नये. त्या गाड्यांत दिवे कंट्रोल युनिटमधून चालतात, तेव्हा जोडायची जागा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारूनच ठरवावी.

राहिला तुमचा बार. दुकानदार परत घेत असेल तर उत्तम. घेत नसेल आणि लेबलावर 10-30 व्होल्ट असेल, तर चिरेखाणीवर रात्री माल भरताना तो कामाला येईल. केबिनच्या मागे, हौद्याकडे तोंड करून लावा, वेगळा फ्यूज आणि वेगळा रिले देऊन. इशाऱ्याची वायर हँडब्रेकच्या स्विचमधून घ्या, म्हणजे ब्रेक सोडून गाडी हलली की बार बंद. चालत्या गाडीच्या मागच्या बाजूला तसा पांढरा झोत चालत नाही, आणि तुमच्या मागून घाट चढणाऱ्यालाही रस्ता दिसायला हवाच.